स्वस्तातलं रिव्हॉल्व्हर रोज कमरेला? आपल्या शिवारात तरी नको

कांद्याचं रोप उगवून आलंय, उसाला तोड यायला अजून अवकाश आहे, लाईट या आठवड्यात रात्रीची आहे. म्हणजे लिहायला वेळ आहे आणि झोप नाही.

या पानावर मी बियाणं, खतं, पाणी, औषधं याबद्दल लिहितो. पण गेले काही महिने इनबॉक्समध्ये एक वेगळाच प्रश्न येतोय. शिरूर, आंबेगाव, जुन्नर, पारनेर, सगळीकडून. "दादा, ते निडर नाहीतर निर्भीक रिव्हॉल्व्हर घेऊ का? कमी किमतीत बसतंय. रात्री दारं धरायला जाताना कमरेला राहील." एकाने तर होल्स्टरचा फोटो पाठवून विचारलंय की उजवीकडे लावू की डावीकडे. लायसनचा अर्ज अजून केलेला नाही, होल्स्टर मात्र घेऊन ठेवलंय.

हसण्यावारी नेण्यासारखा प्रश्न नाही हा. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड-जांबूत भागात तीन आठवड्यांत तीन जीव गेले, त्यात दोन लेकरं. त्यानंतर आपल्याकडे माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात गेली, ते फोटो देशभर फिरले. ज्याला रात्री दोन वाजता एकट्याने उसाच्या कडेने मोटर चालू करायला जावं लागतं, त्याला कमरेला काहीतरी असावं असं वाटलं तर त्यात त्याची चूक काय? भीती खरी आहे. मला फक्त ते "काहीतरी" काय असावं एवढ्याबद्दल बोलायचं आहे.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे शेवटपर्यंत वाचायला लागू नये. स्वस्तातलं छोटं रिव्हॉल्व्हर रोज जवळ बाळगायला घेऊ नका. महागातलं घ्यायलाही मी कुणाला सांगणार नाही, पण स्वस्तातलं तर नकोच. आता का ते ज्यांना वाचायचं त्यांनी वाचा.

बोलायचा अधिकार काय, तर आमच्या घरात बारा बोअरची एकनळी आहे. वडिलांच्या नावावर होती, ते गेल्यावर वारसाने अर्ज करून माझ्या नावावर झाली. रानडुकरं आणि कोल्ही हाकलायला तिचा बार मी काढलेला आहे. लायसन रिन्यू करायला खेटे मारलेत, निवडणुकीच्या आचारसंहितेत ती पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेतलेली आहे. तज्ज्ञ नाही, पण यातलं अगदीच काही कळत नाही असंही नाही.

हे "रोज जवळ बाळगायचं पिस्तूल" प्रकरण आपल्या पोरांना कळलं कुठून? मोबाईलवरून. ते अमेरिकेचं आहे. तिथे बऱ्याच राज्यांत माणूस दुकानात जातो, तपासणी होते आणि दोन-तीनशे डॉलरला ९ मिमीचं पिस्तूल घेऊन बाहेर पडतो. हाय-पॉइंट, टॉरस अशा कंपन्यांचा स्वस्त माल आणि त्यावर तासन्‌तास चालणारे व्हिडिओ. पैशाला वसूल आहे का, अडकतं का, नेम धरतं का. त्यातले बरेचसे प्रामाणिक असतात. पण त्या व्हिडिओंमध्ये एक गोष्ट आपली पोरं ऐकून न ऐकल्यासारखी करतात. तिथले जाणकार सांगतात की स्वस्तातलं घेतलं तर आधी दोनशे-पाचशे गोळ्या झाडून बघा, एकदाही अडकलं नाही तरच जवळ बाळगा. स्वस्त हत्यार वाईटच असतं असं नाही, पण त्यातला कुठला नग चांगला निघाला हे वापरूनच कळतं. टॉरसवर तिथे दावा झाला होता, खाली पडलं तर आपोआप गोळी सुटू शकते म्हणून, आणि २०१५ मध्ये तडजोड झाली तेव्हा त्यात लाखो पिस्तुलं मोडत होती. म्हणजे जिथे या गोष्टीचा बाजारच भरलाय तिथेसुद्धा स्वस्त घेणारा माणूस आधी खात्री करून घेतो.

आता आपल्याकडे या. ९ मिमी सामान्य माणसाला मिळत नाही, ते पोलीस-लष्कराचं. आपल्याला हातातलं हत्यार म्हणजे ३२ बोअर नाहीतर २२ बोअर. त्यातलं बरंचसं सरकारी आयुध कारखान्यांचं. कानपूरचं निर्भीक २०१४ च्या सुरुवातीला आलं, दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर बायकांसाठी म्हणून काढलेलं, ३२ बोअर, वजन अर्धा किलो, किंमत तेव्हा १ लाख २२ हजारांच्या आसपास. बायकांच्या सुरक्षेसाठी सव्वा लाखाची वस्तू काढली म्हणून त्यावेळी टीकाही बरीच झाली. मग इशापूरच्या कारखान्याने निडर काढलं, २२ बोअर, वजन जेमतेम पाव किलो, किंमत तेव्हा ३५ हजारांच्या घरात. पोरं जे स्वस्तातलं म्हणतात ते हेच. अलीकडे २०२३ मध्ये प्रबल म्हणून आणखी एक ३२ बोअरचं आलंय, ते वजनदार आहे, पण ते स्वस्तात मोडत नाही.

३५ हजार ऐकलं की वाटतं, एवढ्यात तर बरा मोबाईल येतो. पण हिशेब तिथे थांबत नाही. अर्ज, पोलीस पडताळणी, डॉक्टरचा दाखला, हत्यार सुरक्षित हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र, घरात सुरक्षित ठेवायची सोय, आणि या सगळ्यासाठी तालुका-जिल्ह्याच्या फेऱ्या. ज्यांनी सातबाऱ्यावरची एक चूक दुरुस्त करून घेतली आहे त्यांना फेऱ्या म्हणजे काय हे सांगायला नको.

आणि गोळ्या. खरी मेख इथे आहे. एका वेळी किती ठेवायच्या आणि वर्षाला किती घ्यायच्या हे लायसनवर लिहिलेलं असतं. माझ्या बारा बोअरला वर्षाला ५० काडतुसं आहेत. किती घेतली, किती वापरली, हिशेब द्यावा लागतो. मग सांगा, स्वस्त हत्याराची खात्री करायला जी दोनशे-पाचशे गोळ्यांची परीक्षा लागते, ती तुम्ही कुठल्या गोळ्यांनी घेणार? आणि कुठे? आपल्या रानात डबा ठेवून सरावाला गोळीबार करता येत नाही. पुण्यात रायफल क्लब आहेत, तिथे जाऊन रीतसर शिकता येतं, पण इथून नियमाने जाणारा एक गडी मला दाखवा. बहुतेकांच्या बाबतीत काय होणार हे मी आत्ताच सांगतो. आणल्या दिवशी दोन गोळ्या हवेत काढणार, तो पण गुन्हाच, मग पाच वर्षं ते कपाटात नाहीतर कमरेला. ज्या दिवशी खरंच गरज पडेल त्या दिवशी ते हत्यार आणि तो हात, दोघांचीही पहिलीच वेळ.

बियाण्याची नवी जात आली तर आपण दोन सरी लावून बघतो. एकरभर लावत नाही. इथे मात्र न बघता जीवच लावायचा.

आता बिबट्याचं. कारण मुळात प्रश्न त्याचाच आहे.

उसात राहणारा बिबट्या समोरून डरकाळी फोडत येत नाही. तो मागून येतो, कडेने येतो, आणि बसलेल्या-वाकलेल्या माणसावर किंवा लहान लेकरावर येतो. आपल्या भागातल्या घटना आठवा. गवत कापताना, अंगणात खेळताना, गोठ्याकडे जाताना. ऊस आणि पायवाट यांत अंतर किती असतं? दहा फूट, पंधरा फूट. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचा डेनिस ट्युलर नावाचा एक पोलीस होता, त्याने १९८३ मध्ये एक लेख लिहिला. चाकू घेतलेला माणूस २१ फुटांवरून धावत आला तर दीड सेकंदात अंगावर येतो, आणि सराव असलेल्या पोलिसालासुद्धा म्यानातून पिस्तूल काढून झाडायला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो, असा त्याचा हिशेब. तो माणसाचा वेग, दिवसाउजेडी, समोरून. आपल्याकडे अंधार, पायात गाळ, एका हातात फावडं, दुसऱ्या हातात बॅटरी, कमरेवर स्वेटर नाहीतर घोंगडी, आणि येणारा बिबट्या. त्याची झेप संपेपर्यंत तुमचा हात स्वेटरच्या खाली पण जाणार नाही.

समजा गेला. समजा गोळी सुटली. ३२ बोअरची गोळी सहा-साडेसहा ग्रॅमची, आणि तिचा वेगही बेताचाच. २२ ची तर अडीच ग्रॅमची. बारा बोअरच्या एका काडतुसात तीस ग्रॅमपेक्षा जास्त छर्रे असतात. आखूड नळी, लहान मूठ, नेम धरायला अंगुळभर जागा, आणि असल्या छोट्या रिव्हॉल्व्हरचा घोडा ओढायला लागणारा जोर, त्यातच नेम हलतो. जनावराला लागलंच तर ते जखमी होणार, मरणार नाही. आणि जखमी बिबट्या आपल्या उसात सोडून देणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी शाळेत जाणारी पोरं आहेत त्यांनी शांत बसून विचार करावा. उद्या सकाळी त्याच उसाशेजारून कुणाची तरी म्हातारी शेळ्या घेऊन जाणार आहे. पिंपरखेडच्या वेळी वनखात्याला पिंजरे, ड्रोन, बेशुद्ध करणाऱ्या बंदुका आणि वर नेमबाज आणावे लागले. ती माणसं रायफलवाली, त्याच कामाला वाहिलेली.

कायद्याचं पण सांगतो, कारण "बिबट्या मारला तर आत टाकतात" आणि "स्वसंरक्षणात सगळं माफ" अशी दोन्ही टोकं पारावर ऐकायला मिळतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण. त्याच कायद्यात असंही आहे की स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्हेतूने प्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही. पण तो सद्हेतू तुम्हाला दाखवून द्यावा लागतो, आणि उसाच्या फडात रात्री दोन वाजता साक्षीदार कोण? शिवाय हत्यारच बिनलायसनचं असेल तर पहिला प्रश्न त्याचाच निघतो.

बिनलायसनवरून आठवलं. दोघा-तिघांनी गुळमुळीत विचारलंय की लायसनच्या भानगडीपेक्षा "तिकडून" आणलं तर. तिकडून म्हणजे सातपुड्याच्या पलीकडून, उमर्टीचं नाव आता पेपर वाचणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. त्यांना एवढंच सांगतो, गावठी कट्टा म्हणजे पाइपाला घोडा बसवलेला. नळीत आटे नाहीत, पोलाद कुठलं ते बनवणाऱ्यालाही माहीत नाही, आणि हातात फुटला तर बोटं तुमची. २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षाही आणखी कडक झाली आहे. यावर याच्यापुढे माझ्याकडून एक ओळ मिळणार नाही.

उरला चोर. केबल कापून नेणारा, मोटर उचलणारा, शेळ्या नेणारा. इथे माझंही रक्त तापतं. आमच्या नदीवरच्या मोटरींची केबल इतक्यांदा गेली आहे की आता आम्ही ती मोजतच नाही. पण चोरीसाठी माणसावर गोळी झाडायचा हक्क कायदा देत नाही. आधी भारतीय दंडसंहितेत होतं, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आहे, गाभा तोच. जबरी चोरी असेल, रात्रीची घरफोडी असेल, राहत्या घराला आग लावत असतील, किंवा चोरी अशी असेल की रोखलं नाही तर आपल्याला मरण किंवा जबर दुखापत येईल असं खरंच वाटावं, तेव्हाच बचाव जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो. केबल घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर तुम्ही शेतकरी राहत नाही, आरोपी होता. दोनशे फूट तांब्याची किंमत आणि पंधरा वर्षं तारखा, मांडा हिशेब. वकिलाला द्यायला जमीन विकावी लागली अशी घरं आपल्या प्रत्येक गावात एक-दोन आहेतच.

आता सगळ्यात अवघड मुद्दा. हा मी टाळणार होतो. पण तो टाळला तर बाकीचं लिहून उपयोग नाही.

आपल्या शिवारात माणसाला सगळ्यात जास्त राग कुणाचा येतो? बिबट्याचा नाही, चोराचाही नाही. बांधाशेजारच्याचा. आणि तो निम्म्या वेळा आपलाच भाऊ नाहीतर चुलता असतो. बांध कोरला, रस्ता अडवला, पाण्याची पाळी चुकवली, सामाईक विहिरीतली मोटर काढून ठेवली. आज काय होतं? शिव्या होतात, एकमेकांच्या गचांड्या धरतात, फार तर काठ्या निघतात, कुणीतरी मध्ये पडतं, पोलीस पाटील येतो. डोकी फुटतात, टाके पडतात, दोन वर्षांनी लग्नात एकाच पंगतीला जेवतात. माझ्या डोळ्यांसमोर असली चार भांडणं मिटली आहेत. त्यातल्या एकाच्याही कमरेला रिव्हॉल्व्हर असतं तर ते मिटायला उरलं नसतं. जे हत्यार "रोज जवळ" असतं ते बिबट्याच्या दिवशी जवळ असतं तसं बांधाच्या दिवशीही जवळ असतं. बिबट्या आयुष्यात एकदा येईल किंवा येणारही नाही. बांध रोज तिथेच आहे.

लहान रिव्हॉल्व्हर आणि लांब बंदूक यांत मला जो फरक वाटतो तो हाच. घरातली बारा बोअर घ्यायला घरी जावं लागतं. कुलूप काढावं लागतं, काडतूस वेगळ्या ठिकाणाहून काढावं लागतं, तेवढ्यात बायको विचारते कुठे निघालात. त्या पाच मिनिटांत माणूस माणसात येतो. कमरेच्या वस्तूला ती पाच मिनिटं नसतात.

आणि राग दुसऱ्यावरच असतो असंही नाही. भाव पडलेल्या वर्षी, सोसायटीची नोटीस दाराला लागलेल्या आठवड्यात, घरात कुणी कसल्या मनःस्थितीत आहे हे बाहेरच्याला कळत नाही. आपल्या भागात अशी माणसं आहेत जी त्या एका रात्रीतून कुणीतरी वेळेवर पोहोचल्यामुळे वाचली आणि आज पोरींची लग्नं करून नातवंडं खेळवतायत. वेळ मिळाला म्हणून वाचली. भरलेलं हत्यार उशाशी ठेवून झोपणाऱ्या घरात तो वेळ कमी होतो. मी कुणाच्या घरात डोकावत नाही, पण अर्ज करायच्या आधी घरातल्या बाईमाणसाला विचारा, तिला काय वाटतं. तिचं उत्तर माझ्या मतापेक्षा महत्त्वाचं आहे.

जरा हलकं बोलू. समजा हे सगळं बाजूला ठेवलं आणि घेतलंच, तर शेतकऱ्याच्या कमरेला ते टिकणार कसं? आपण दिवसभर वाकतो. ट्रॅक्टरवर हादरे बसतात. फवारणीचा पंप पाठीला, त्याचा पट्टा बरोब्बर तिथेच येतो. घाम, गंधकाची भुकटी, युरियाचे हात, पावसाळ्यात चिखल. माझ्या बंदुकीला वर्षातून दोनदा कापडात घासून आतून-बाहेरून तेल लावतो तरी दस्त्याजवळ गंज धरायला बघतो, आणि ती कपाटात असते. शेतात फिरणारं रिव्हॉल्व्हर आठवड्याला साफ करावं लागेल. फवारणीचा पंप काम झाल्यावर धुऊन ठेवणारे किती जण आहेत आपल्यात? मग.

शिवाय कुठे न्यायचं नाही हीच यादी मोठी. जत्रा, मिरवणूक, सभा, शाळेचं आवार, इथे नेता येत नाही. चारचौघांत काढून दाखवता येत नाही, २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ते म्यानातच पाहिजे. लग्नात आनंदाने हवेत बार काढला आणि कुणाच्या जिवाला धोका झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, हेही २०१९ पासून. म्हणजे ज्यांना ते वरातीत मिरवायलाच हवं होतं, आणि असे बरेच आहेत, रागावू नका, त्यांचा तर मूळ हेतूच गेला.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे म्हणून सांगतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यातच शेतकऱ्याचा वेगळा विचार केलेला आहे. संरक्षणासाठी किमान वीस इंच नळीची, आत आटे नसलेली बंदूक, आणि खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी तोंडाकडून भरायची बंदूक, यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. तोंडाकडून भरायची पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी आटे नसलेली बंदूक देता येते. रिव्हॉल्व्हर या वाटेने येत नाही, त्याला वेगळं सबळ कारण दाखवावं लागतं. ज्यांनी कायदा लिहिला त्यांनाही शेताच्या राखणीला काय लागतं हे कळत होतं. रानडुकराचा खरंच त्रास आहे, वनखात्याकडे नुकसानीचे पंचनामे झालेले आहेत, तर त्या कागदांसह लांब बंदुकीचा अर्ज करा, माझा पाठिंबा आहे. फक्त बंदुकीचं लायसन म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. तो वनखात्याकडून वेगळा घ्यावा लागतो.

कुणालाच नको का मग? आहेत काही जण. आडत्याची मोठी रोकड घेऊन रात्री प्रवास करणारा, पेट्रोल पंपवाला, ज्याला खरोखरच्या धमक्या आल्या आहेत आणि ठाण्यात नोंद आहे असा. त्यांना माझं सांगणं उलट आहे, तिथे स्वस्त बघू नका. पाव किलोच्या २२ बोअरपेक्षा वजनदार, पोलादी, चार इंची नळीचं ३२ बोअर घ्या. नवं परवडत नसेल तर लायसनदार दुकानदाराकडे जुनी आयुध कारखान्याची ३२ बोअर येतात, वापर थोडा झालेली, लायसनवर रीतसर नोंद करून मिळतात. चक्राचं लॉक सैल नाही ना हे जाणकाराकडून बघून घ्या. गोळ्या आपल्या पुण्यातल्या खडकी कारखान्याच्या असतात, बुडावर के एफ अशी अक्षरं असतात, जुन्या साठ्यातल्या घेऊ नका. आणि जेवढे पैसे हत्याराला तेवढेच सरावाला बाजूला ठेवा. सरावाला पैसे नसतील तर हत्यारालाही नाहीत असं समजा.

बाकीच्यांनी तेच ३५ हजार कुठे घालावेत हे विचाराल. आमच्या वस्तीवर चार घरांनी मिळून गेल्या उन्हाळ्यात हे केलं. वस्तीभोवती सौर दिवे, गोठ्याला वरून-बाजूने जाळी, मोटरीला मोबाईलवरून चालू-बंद करायचं यंत्र. त्या यंत्राने सगळ्यात जास्त फरक पडला, कारण रात्री दोनला उसाकडे जायचं कामच निम्म्याने कमी झालं. उरलेल्या वेळी दोघं जातो, डोक्याला बॅटरी, हातात उंच काठी, मोबाईलवर मोठ्याने भारूड. लेकरांना संध्याकाळी पाचनंतर उसाकडे पाठवत नाही, आणि घरापासूनचे वीस-पंचवीस फूट ऊस न लावता मोकळे सोडलेत. त्या पट्ट्यात आता मेथी-कोथिंबीर करतो. बाया गवत कापायला बसल्या की एकजण उभी राहते, पाठीमागे नजर ठेवून. एवढं करून बिबट्या येतच नाही असं नाही, मागच्या अमावास्येला गोठ्यामागे पावलं होतीच. पण जाळीच्या बाहेर होती.

एकाने खाली लिहिलंच आहे, "दादा, तुमच्याकडे बंदूक आहे म्हणून तुम्हाला बोलायला सोपं जातं." बरोबर आहे. म्हणून सांगतो, माझी बंदूक रात्री माझ्याबरोबर दारं धरायला येत नाही. दोन हात आहेत, एकात फावडं लागतं आणि दुसऱ्यात बॅटरी.

ज्यांचा अर्ज आधीच गेलेला आहे आणि मागे घ्यायचा नाही, त्यांच्यासाठी. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र कुठूनतरी कागद आणून भागवू नका, दिवस घालवून खरंच शिका. घरी आलं की हत्यार एका कुलपात आणि गोळ्या दुसऱ्या, किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे. दारू घेतलेल्या दिवशी किल्ली मागायची नाही, मागितली तरी घरच्यांनी द्यायची नाही, हे आधीच ठरवून टाका. नूतनीकरणाची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. लायसन आता पाच वर्षांचं असतं, त्यामुळे ती विसरते. आचारसंहितेत जमा करायची नोटीस आली तर पावती घ्या आणि तिची झेरॉक्स काढून ठेवा, पावतीची शाई सहा महिन्यांत उडते.

होल्स्टरवाल्या भाऊ, तुम्हाला वेगळं उत्तर देतो. डावीकडे-उजवीकडे कुठेच नको. चामडं चांगलं दिसतंय फोटोत. छाटणीची कात्री बसते का बघा त्यात.